विहिरीतले पाणी आणि बाटलीतले पाणी

गडचिरोली जिल्ह्यातला मुलचेरा हा जंगलाने वेढलेला तालुका. इथल्या आठवडी बाजारात मराठी ऐकू येते, माडिया-गोंडी ऐकू येते, तेलुगू ऐकू येते आणि बंगालीही, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची गावे या भागात वसवली गेली. पिण्याचे पाणी विहिरीचे, हातपंपाचे, काही ठिकाणी नळाचे, आणि उन्हाळा फार तापला तर नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचेही. यातले कोणते पाणी पिण्याजोगे आहे हे ठरवायचे तर ते बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवावे लागते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बाटली भरतो, ती आरोग्य केंद्रात जाते, आणि तिथून गाडीची सोय होईल तशी पुढे निघते. पावसाळ्यात नाल्यांना पूर असला तर ती थांबूनही राहते. मग केव्हातरी एक कागद गावात येतो. त्यावर लिहिलेले असते, ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’.

हा कागद चुकू शकतो का? चुकू शकतो, आणि तो दोन तऱ्हांनी चुकतो. दूषित पाण्याला तो चांगले म्हणतो तेव्हा गावात हगवण लागते, कधी पटकी येते. चांगल्या पाण्याला तो वाईट म्हणतो तेव्हा वरवर पाहता काही बिघडत नाही. पण वस्तीतला एकुलता एक हातपंप बंद झाला की बायका हंडे घेऊन पुन्हा नाल्यावर जातात, आणि नाल्याचे पाणी हातपंपाच्या पाण्यापेक्षा बहुधा वाईटच असते. पाण्यातले जंतू तपासण्याची विद्या सुमारे एकशे चाळीस वर्षांची आहे. तिचा इतिहास वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. तिच्यातल्या बहुतेक चुका सूक्ष्मदर्शकावर डोळा लावण्याआधीच झालेल्या आहेत. विहिरीतले पाणी आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर पोहोचलेले पाणी एकच आहे असे धरून चालले की पहिली चूक तिथेच होते.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा अंक आपल्याच देशात घडला. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८३ च्या डिसेंबरात इजिप्तमार्गे कलकत्त्याला आले. पटकीचा जंतू कोणता, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १८८४ च्या सुरुवातीला कलकत्त्यातल्याच एका तळ्याच्या पाण्यात त्यांना स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सापडले. त्या तळ्याकाठच्या वस्तीत पटकीची लागण झालेली होती. त्याच तळ्यावर लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि पिण्याचे पाणीही तिथूनच नेत. पाण्यातून रोग येतो असे म्हणणारे आधीही होते. आता पाण्यातला जंतू बोट दाखवून सांगता आला.

कॉख यांची तपासणीची रीत सोपी होती आणि म्हणूनच ती जगभर पसरली. जंतूंना आवडणारे अन्न जिलेटिनमध्ये मिसळून त्याचा थर द्यायचा, त्यावर थोडे पाणी पसरायचे आणि वाट पाहायची. एकेक जंतू वाढून त्याचा डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होतो. ठिपके मोजले की जंतू मोजले. पण या साध्या हिशेबात किती गृहीतके दडली आहेत पाहा. प्रत्येक जंतू पाण्यात एकएकटा आहे, त्यांचा पुंजका नाही. प्रत्येकाला आपण दिलेले अन्न आवडते. प्रत्येकाला आपण ठेवलेले तापमान मानवते. आणि जो जिवंत आहे तो वाढणारच. पुढच्या शंभर वर्षांत ही चारही गृहीतके एकामागून एक लंगडी ठरली.

तापमानाची अडचण तर लगेच लक्षात आली. जिलेटिन पंचवीस-अठ्ठावीस अंशांना पातळ होऊ लागते. जर्मनीच्या थंडीत ते चालून गेले. विदर्भाच्या मे महिन्यात त्याचे काय झाले असते हे सांगायला नको. यावरचा उपाय स्वयंपाकघरातून आला. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे उन्हाळ्यात जेलीसाठी आगर वापरीत. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून त्यांना ही युक्ती कळली होती. समुद्रातल्या शेवाळापासून केलेला हा पदार्थ आपल्याकडे पुडिंगसाठी ‘चायना ग्रास’ म्हणून विकत मिळतो. शरीराच्या तापमानालाही तो घट्ट राहतो. आजही जगातल्या प्रत्येक जंतुशास्त्र प्रयोगशाळेत तोच वापरतात, आणि फॅनी हेसे यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. एल्ब नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शेजारच्या आल्टोना गावात मात्र साथ फारशी पसरली नाही, कारण तिथे नदीचे पाणी वाळूच्या थरातून गाळून देत. त्यानंतर कॉख यांनी मोजमाप सांगितले: गाळलेल्या पाण्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये शंभराहून अधिक जंतू नसावेत. वाळूचा थर नीट काम करतो की नाही हे पाहण्यासाठी हा आकडा चांगला होता. पण ते शंभर जंतू कोणते, हे तो सांगत नाही. निरुपद्रवी शंभर असतील तर काही होत नाही; पटकीचे दहा असतील तर चिंता करायला हवी.

याच सुमारास आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचे सरकारी रसायन परीक्षक आणि जंतुशास्त्रज्ञ काम करीत होते. पटकीच्या दिवसांत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ‘विहिरीत लाल औषध टाकणे’ जुन्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. हँकिन यांनी १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडले तर ते काही तासांत मरतात, विहिरीच्या पाण्यात तसे होत नाही, असे त्यांना आढळले होते. त्याच वर्षी हिंदुस्थानात आलेल्या मार्क ट्वेन यांनी हे आपल्या प्रवासवर्णनात रंगवून सांगितले आणि गंगाजलाच्या शुद्धतेला शास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखे झाले.

पुढे १९१७ साली फेलिक्स डेरेल यांनी जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, वर्णन केले आणि हँकिन यांनी तेच पाहिले असणार असे पुस्तकापुस्तकांतून लिहिले जाऊ लागले. गंमत अशी की हँकिन यांचा स्वतःचा निष्कर्ष वेगळाच होता. उघड्या भांड्यात उकळले तर पाण्याचा हा गुण जातो, बंद नळीत तापवले तर राहतो, म्हणून हा गुण उडून जाणाऱ्या एखाद्या द्रव्याचा असावा, असे त्यांनी म्हटले होते. फाज तर बंद नळीतही उकळून मरायला हवेत. २०११ साली काही अभ्यासकांनी मूळ फ्रेंच लेख पुन्हा वाचून ही विसंगती पुढे मांडली. प्रयोग एक, वाचने तीन. मला यात हँकिन यांचा दोष वाटत नाही. त्यांनी जे पाहिले ते नीट नोंदवले. घोटाळा केला तो पुढच्यांनी, आपल्याला हवे ते त्यात वाचून.

प्रत्येक रोगाचा जंतू पाण्यात शोधत बसणे शक्य नसते. म्हणून शास्त्रज्ञांनी एक आडवाट काढली. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात एक जंतू भरपूर असतो. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली त्याचे वर्णन केले आणि पुढे त्यांच्याच नावावरून त्याला ई. कोलाय म्हणू लागले. पाण्यात तो सापडला की समजायचे, विष्ठेचा संपर्क आला आहे. म्हणजे रोगाचे जंतूही येऊ शकतात. इंग्लंडमध्ये मॅकॉन्की यांनी १९०५ साली पित्तातले क्षार घातलेले अन्न सांगितले. आतड्यातल्या जंतूंना पित्ताची सवय असते, इतरांना ते सोसत नाही. तेव्हा नको ते आपोआप गळतात. एक वर्ष आधी, म्हणजे १९०४ साली, ख्रिस्तियान आइकमान यांनी आणखी एक चाळणी सुचवली होती: ४६ अंशांच्या उष्णतेतही जे आंबवतात तेच आतड्यातले. बेरीबेरीच्या संशोधनासाठी पुढे नोबेल मिळवणाऱ्या या डच डॉक्टरांनी जावामध्ये बरीच वर्षे काढली होती. आज ही चाचणी ४४ ते ४४.५ अंशांवर करतात. इथे अर्ध्या अंशालाही किंमत आहे, आणि दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावी अर्धा अंश सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याला माहीत.

पण युरोपात बसवलेली ही घडी इथल्या पाण्याला कितपत लागू पडते? हा प्रश्न बंगालमध्ये काम करणाऱ्या मेजर डब्ल्यू. डब्ल्यू. क्लेमेशा यांनी नेटाने विचारला. उष्ण कटिबंधातल्या नदी-तलावांच्या जंतुशास्त्रावर त्यांनी १९१२ साली एक ग्रंथच लिहिला. इथल्या प्रखर उन्हात आतड्यातले काही जंतू झपाट्याने मरतात, काही चिवटपणे टिकतात. म्हणून विलायतेतले निकष इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. सरकारी अधिकाऱ्याने त्या काळी हे लिहावे, याचे मला कौतुक वाटते.

उलट बाजूचे उदाहरण फार नंतरचे, पण जंगलात राहणाऱ्यांनी ऐकावे असे आहे. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर घनदाट पर्जन्यवन आहे. तिथे मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात पावसाचे पाणी साचते. माणसाचा वावर नसलेल्या जागी, जमिनीपासून कितीतरी उंच साचलेल्या या पाण्यात संशोधकांना ई. कोलाय सापडला, १९८८ साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे उबदार, दमट प्रदेशात हा जंतू आतड्याबाहेरही सुखाने नांदू शकतो. जंगलातल्या झऱ्याच्या पाण्यात तो दिसला म्हणून वर कोणीतरी घाण केली, असे लगेच म्हणता येत नाही. तसे नसेलच असेही म्हणता येत नाही, हीच पंचाईत.

आता बाटलीच्या प्रवासाकडे येऊ. बाटलीत भरलेले पाणी जिवंत असते. अमेरिकन अभियंते जॉर्ज व्हिपल यांनी १९०१ सालीच दाखवून दिले की नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातल्या जंतूंची संख्या बदलते. १९३६ साली झोबेल आणि अँडरसन यांनी समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करून सांगितले की बाटली लहान असेल तर वाढ अधिक. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर अन्नाचे कण चिकटतात आणि जंतू तिथे ठाण मांडतात. म्हणून नियम असा की नमुना बर्फात, अंधारात ठेवावा, शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत तपासायला घ्यावा. मुंबई-पुण्यात हे सहज जमते. मुलचेऱ्याच्या आतल्या गावाहून, जुलै महिन्यात, बर्फाची पेटी घेऊन निघालेल्या माणसाला विचारा. उशिरा पोहोचलेल्या बाटलीत कधी साधे पाणजंतू माजतात, तर कधी ई. कोलाय उपाशी मरून जातो. नमुना बिघडला तर तो अमुकच बाजूला बिघडेल असेही नाही.

याहून साधी एक चूक आपल्या चांगल्या सवयीतून होते. आपण कुठलेही भांडे भरण्याआधी विसळतो. क्षार किंवा फ्लोराइड तपासण्याची बाटली त्याच पाण्याने विसळायचीच असते. जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र मुळीच विसळायची नसते, कारण तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. त्याचे काम क्लोरिन थोपवण्याचे. सकाळी विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली आणि दुपारी नमुना घेतला, तर पाण्यातला क्लोरिन बाटलीतही जंतू मारत राहतो. भरताना दूषित असलेले पाणी टेबलावर पोहोचेपर्यंत शुद्ध होऊन बसते! थायोसल्फेट क्लोरिनला तिथल्या तिथे निकामी करते, म्हणजे भरण्याच्या क्षणी जे होते ते तसेच राहते. बाटली विसळली की हा पहारेकरीच वाहून गेला. बोट झाकणाच्या आत लागणे, हातपंप थोडा वेळ न चालवता पहिलीच धार घेणे, बाटली काठोकाठ भरणे, या चुकाही अशाच क्षुल्लक दिसणाऱ्या. शिवाय क्लोरिनने अर्धमेला झालेला जंतू पित्ताच्या क्षारांचा दुसरा मार सोसू शकत नाही आणि उगवत नाही. हे १९८० च्या दशकात अमेरिकेत नीट अभ्यासले गेले. तो मेलेला नसतो, फक्त हजेरी देत नाही.

आकड्यांचीही एक गोष्ट आहे. नळ्यांच्या चाचणीत वेगवेगळ्या प्रमाणात पाणी घालून किती नळ्यांत वायू झाला हे पाहतात आणि तक्त्यावरून संभाव्य संख्या काढतात. या पद्धतीचे गणित मॅक्रेडी यांनी १९१५ साली मांडले. दहा मिलिलिटरच्या पाचही नळ्यांत वायू आणि त्याखालच्या प्रमाणांत एकीतही नाही, तर तक्ता २३ सांगतो. पण त्याच ओळीत पुढे दिलेले असते की खरा आकडा साधारण ७ पासून ७० पर्यंत कुठेही असू शकतो. कागदावर २३ तेवढे उतरतात. ७ आणि ७० वाटेत गळतात.

बाटली प्रयोगशाळेत नेण्याऐवजी प्रयोगशाळाच बाटलीत घालून गावात नेली तर? ही कल्पना ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. कागदाची पट्टी जंतूंच्या अन्नात, थायोसल्फेटात आणि लोहाच्या क्षारात भिजवून, सुकवून बाटलीत ठेवायची. वीस मिलिलिटर पाणी घालून बाटली उबदार जागी बारा-अठरा तास ठेवायची. विष्ठेसोबत येणारे अनेक जंतू कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात; तो लोहाला भेटला की पाणी काळे होते. काळे म्हणजे दूषित. वीज नको, तंत्रज्ञ नको, अक्षरओळखही नको. ग्वाल्हेरमध्ये जन्मलेली ही काळी होणारी बाटली पुढे अनेक देशांत गेली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच जणींना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. तिथे वापरल्या जाणाऱ्या जंतूंच्या कुप्यांत हीच कल्पना दिसते.

हीदेखील चुकते. खोलवरच्या भूजलात गंधकयुक्त वायू मुळातच असेल, किंवा गंधकावर जगणारे निरुपद्रवी जंतू असतील, तर बाटली विनाकारण काळी होते. थंडीच्या रात्री ती गारठली तर काळी व्हायला उशीर लागतो आणि सकाळी पाहणारा ‘पाणी चांगले’ म्हणतो. उलट दोन-तीन दिवस ठेवून दिली तर पुष्कळदा काळी होतेच. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या परीक्षणात वायूच्या या इतर उगमांवर बोट ठेवण्यात आले. तरीही माझे मत या बाटलीच्या बाजूने आहे. चार दिवस उशिरा येणाऱ्या अचूक कागदापेक्षा दुसऱ्या दिवशी गावातच दिसणारा काळा रंग अधिक कामाचा. कारण ती पुन्हा पुन्हा लावता येते, आणि एका चुकीला दुसरी चाचणी पकडते.

वाढवून मोजण्याच्या साऱ्याच पद्धतींची मोठी मर्यादा मात्र वेगळी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात जितके जंतू दिसतात त्यांतले शंभरात एकही थाळीवर उगवत नाही. रशियन शास्त्रज्ञ राझुमोव्ह यांनी १९३२ सालीच ही तफावत नोंदवली होती. १९८२ साली, म्हणजे ग्वाल्हेरच्या बाटलीच्याच वर्षी, अमेरिकेत रिटा कॉलवेल यांच्या गटाने सांगितले की ई. कोलाय आणि पटकीचा जंतू अशा अवस्थेत जाऊ शकतात, ज्यात ते जिवंत असतात पण थाळीवर उगवत नाहीत. साथ नसताना पटकी कुठे जाते या जुन्या कोड्याला त्यामुळे नवे उत्तर मिळाले: ती पाण्यातच, बारीक जलकिड्यांना चिकटून राहते. याच धाग्यावरून बांगलादेशातल्या मतलब भागात जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळण्याचा मोठा प्रयोग झाला. जलकीटक कापडात अडकतात आणि त्यांच्यासोबत जंतूही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी कमी झाले. थाळी ज्या जंतूला ‘नाही’ म्हणत होती त्याला जुनेराने अडवले.

आता जंतू वाढवण्याची गरजच उरलेली नाही, असे सांगितले जाते. पाणी गाळून गाळणीवरच्या सगळ्याचा डी.एन.ए. काढायचा आणि यंत्राला वाचायला द्यायचा; पाण्यातल्या अख्ख्या जंतुसमाजाची यादी हाती येते. यादी भरघोस असते, पण तिच्याही खोडी आहेत. मेलेल्या जंतूचा डी.एन.ए.ही वाचला जातो, त्यामुळे काल क्लोरिनने मारलेले आज यादीत असतात. जाड कवचाचे जंतू फुटत नाहीत, ते यादीतून सुटतात. ओळखीसाठी जो जनुक वाचतात त्याची एका जंतूत एकच प्रत असते, तर दुसऱ्यात पंधरापर्यंत. पंधरावाला उगाच पंधरापट दिसतो.

सर्वांत बोचरा धडा २०१४ सालचा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी एकाच जातीच्या जंतूंचे शुद्ध द्रावण घेतले, ते पायरीपायरीने विरळ केले आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले. द्रावण जसजसे विरळ झाले तसतसे यादीत भलतेच जंतू वाढत गेले. अगदी विरळ नमुन्यात तर त्यांचेच राज्य. हे जंतू आले होते डी.एन.ए. काढण्याच्या विकतच्या रसायनांतून. आणि त्यांतले बरेचसे पाण्यात व मातीत राहणाऱ्या जातींचे! पाणी तपासणाऱ्याला याहून वाईट बातमी कोणती? स्वच्छ विहिरीच्या पाण्यात जंतू थोडे, म्हणजे जिथे निकाल चांगला यायला हवा तिथेच रसायनातले पाहुणे गर्दी करणार. यावर उपाय एकच, जुना आणि स्वस्त. निर्जंतुक पाण्याची एक कोरी बाटली नमुन्यासोबत गावाला न्यायची, तिथे उघडायची, बंद करायची, त्याच पेटीतून आणायची आणि सगळे सोपस्कार तिच्यावरही करायचे. कोऱ्या बाटलीत जे सापडेल ते विहिरीचे नव्हे.

नागपूरला १९५८ साली सुरू झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी संस्था आपल्या भागातली. वैद्यकीच्या पाठ्यपुस्तकांत तिच्या नावावर एक साधे साधन नोंदलेले आहे: वाळू आणि ब्लीचिंग पावडर भरलेले दुहेरी मडके. ते विहिरीत सोडले की क्लोरिन हळूहळू झिरपत राहतो. अशा विहिरीचा नमुना घेताना बाटलीवर तारखेसोबत मडके केव्हा सोडले, नमुना किती वाजता घेतला आणि पाऊस केव्हा पडला होता, एवढे लिहिले तरी तपासणाऱ्याचे निम्मे काम होते. पावसाआधी आणि पावसानंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात हातपंपाचा फुटलेला ओटा, शेजारचा शौचालयाचा खड्डा, विहिरीच्या कठड्याशी बांधलेली गुरे नोंदवतात आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. बाटलीत यातले काहीच दिसत नाही. ‘पिण्यास योग्य’ असा कागद आणि फुटका ओटा एकाच हातपंपाच्या वाट्याला आले, तर मी ओट्यावर विश्वास ठेवीन आणि दुसरी बाटली मागवीन, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळची.